चौकट

मदेरा गावाच्या पश्चिमेला द्राक्षमळे संपतात,
तिथे ट्रेलरांच्या तिसऱ्या ओळीत
मी खानेसुमारीची पिशवी घेऊन उभी.
दाराला चौकट नाही, नुसता पत्रा टेकवलेला.
कागदावर मात्र चौकटीच चौकटी.

फिदेन्सिया पत्रा सरकवते.
कडेवर पोर, बोटं द्राक्षाच्या चिकाने काळी.
मी घोकलेलं वाक्य म्हणते :
ही व्यक्ती हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मूळची आहे का?
ती अशी बघते,
जणू मी विचारलंय, हे पोर कुणाचं?

मग उसनी भांडी परत करावीत तसा
एकेक स्पॅनिश शब्द माझ्या हातात ठेवते :
"ही भाषा मला मुकादमाच्या तोंडून आली.
आधी शिव्या आल्या, मग आकडे,
'माफ करा' सगळ्यात शेवटी.
घरात आम्ही पावसाचा शब्द बोलतो.
तेच नाव आहे आमच्या बोलीचं.
ते कुठं लिहायचं?"

खाली एक ओळ आहे, अक्षरागणिक एक खोपट.
पाऊस मावेल एवढी नाही.

परवा बेकर्सफील्डला गोत्सोन भेटला,
मेंढ्या राखायला आलेला बास्क म्हातारा.
स्पेन म्हणताच थुंकला. म्हणाला,
"मी डोंगराचा. स्पेन नंतर आलं, आमच्या अंगावर."
त्यालाही हीच चौकट.
ज्यांची गलबतं आली
आणि ज्यांच्या किनाऱ्याला लागली,
सगळे एकाच दावणीला.
आणि टायर बदलणारा वाल्देमिर, ब्राझीलचा,
तोच मुकादम, तीच खोली, तोच राजमा-भात,
पण आई पोर्तुगीजमधून रागवायची,
म्हणून तो दावणीबाहेर.

माझ्या बापाचं तर विचारूच नका.
होंडुरासच्या किनाऱ्यावरचा गारिफुना.
पोलिसांनी त्याला जन्मभर काळा म्हणूनच थांबवलं.
चर्चमधल्या बायका कौतुकाने विचारायच्या,
इतकं छान स्पॅनिश कुठं शिकलात?
तो टोपी काढून म्हणायचा, पाळण्यात.
मेला तेव्हा दफनगृहातल्या कारकुनाने
आडनाव वाचलं, चेहरा पाहिला नाही,
आणि एक फुली मारली.
दाखला हातात धरून मी किती वेळ उभी होते.
चूक नव्हती त्यात.
बापही नव्हता.

पण खोटं कशाला बोलू.
मागल्या खेपेला इथं कुणी मोजायला आलं नाही,
तर दवाखान्याची गाडी पुढच्या गावाला वळली.
आणि पॅकिंग शेडच्या संपात
माझ्या आईसोबत पाच देशांच्या बायका होत्या,
एकीच्या मिरच्या दुसरीला सोसत नव्हत्या,
एकीची म्हण दुसरीला शिवी वाटायची,
तरी मालकासमोर त्या ह्याच एका शब्दाखाली उभ्या राहिल्या.
फाटकी छत्री.
पण तिच्याखाली अकरा दिवस काढले त्यांनी.

हे सगळं मी फिदेन्सियाला सांगत नाही.
एका घराला दहा मिनिटं, असा हुकूम आहे,
आणि पोराने माझी पेन्सिल तोंडात घातलीय.

"फुली मारली तर ह्याला लस मिळेल?"
"मिळेल. बहुतेक."
"मग मार."
जरा थांबून : "पण त्या ओळीत आमचं नाव लिही."

ती नाव उच्चारते. मधे घशात एक ठेच लागते,
तिच्यासाठी माझ्याकडे अक्षर नाही.
ती पुन्हा उच्चारते, पोराला शिकवावं तसं.
मी कानाने लिहीत जाते, खोपटामागून खोपट,
आणि नावाआधी खोपटं संपतात.

उरलेली तीन अक्षरं मी समासात लिहिली.
तिने वाकून पाहिलं, मान डोलावली,
पत्रा पुन्हा जागेवर टेकवला.

यंत्र समास वाचत नाही,
हे मला तिला सांगवलं नाही.